स्क्रीनवर चार शब्द

चाळिशी लावायची लाज वाटत होती, एवढंच खरं कारण. कडोलीच्या बाजूला एका गावात छोटं साहित्य संमेलन होतं, तिथं लेख वाचायला गेलतो. लेख फोनमध्ये होता. पोरीनं कसलंसं वाचायचं ॲप घालून दिलं होतं. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप मोडून स्क्रीनमध्ये बसतात, बाजूला सरकवावं लागत न्हाय. मी वाढवत गेलो. शेवटी स्क्रीनवर चारच शब्द उरले. "लई झालं, बाबा," पोरगी म्हणाली. मी कुणाचं ऐकतोय?

लेख आमच्या वडगावच्या घरातल्या हातमागावर होता आणि त्यात एक कबुली होती. लहानपणी मला मागावर बसवू नये, मॅच बघायला मिळावी, म्हणून मी अर्धवट विणलेल्या साडीचे उभे धागे ब्लेडनं कापले होते. आळ आला मोठ्या भावावर, अण्णावर. आईनं अण्णाला असा बडवला की दोन दिवस त्याला धड बसता येईना. मी मॅच बघितली.

आई पुढच्याच रांगेत बसणार होती. पण तिला ऐकू कमी येतं आणि मी वाचतो भरधाव. तेवढा परिच्छेद पळवायचा, असा बेत. साहित्यात प्रामाणिक, घरात सुखरूप.

कसलं काय! चार शब्द वाचायचे, बोटानं सरकवायचं, परत चार शब्द. पळणार कुठं? "उभे धागे मीच कापले." सरकव. "आणि मार अण्णानं खाल्ला." सरकव. माईकवर एकेक शब्द सुटा पडत होता. अध्यक्षांनी माझ्या संयत शैलीचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. आईचे हात मांडीवरच होते.

स्कूटरवर आईला मागं बसवून वडगावात आलो. घराकडं वळायला लागलो तशी खांद्यावर थाप बसली. "अण्णाकडं घे."

"उद्या जाऊया की."

"तीस वरसं झाली. आणि उद्या कशाला?"

अण्णाच्या घरात पॉवरलूम धडधडत होता. आईनं तो बंद करायला लावला. अण्णाला जवळ बसवून घेतलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला. अण्णा बिचारा माझ्याकडं बघतोय, कुणी गेलं का काय म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोन काढ," आई मला म्हणाली. "मघाशी वाचलास तसंच वाच. घाई करू नगंस."