चाँदबीच्या चिमट्याचा आवाज

फक्रुद्दीन शिकलगारांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, असताना ही वेळ नाइलाजाची होती, कारण भट्टी तापायच्या आत वाळूचे साचे भरून तयार लागत. नोकरी सुटली तरी ती वेळ अंगातून गेली नाही. उठायचं, आपला चहा आपण करायचा, वजू करून नमाज पढायची, आणि मग पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं बटण दाबायचं.

नात कशिश आत झोपलेली असे. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरू लागे आणि त्या घरघरीच्या मागून थोड्या वेळानं तो आवाज येई. टक्. मग थांबणं. मग पुन्हा टक्, टक्.

तो आला की फक्रुद्दीन खुर्चीला पाठ टेकत. चाँदबी कामाला बसली.

चाँदबी ही त्यांची बायको. तिला जाऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. ती हुपरीची. लग्न होऊन कोल्हापुरात आली तरी माहेरचं काम तिनं सोडलं नाही. हुपरीच्या एसटीतून कड्यांची पिशवी यायची. पैंजणाच्या चांदीच्या कड्या एकीत एक अडकवायच्या आणि चिमट्यानं दाबून बंद करायच्या, असं ते काम. कडी बंद झाली की टक् असा बारीक आवाज व्हायचा. कशिश जयसिंगपूरहून शिकायला आजोळी राहायला आली, तेव्हा तिच्यासाठी हा कॉम्प्युटर घेतला होता, पण संध्याकाळी तो चाँदबीचा असे. नातीनं भरून ठेवलेले पिक्चर ती काम करता करता बघायची. पिक्चर रंगात आला की चिमटा थांबायचा. रटाळ झाला की भराभर चालायचा. फक्रुद्दीनना पडद्याकडं न बघताच कळायचं पिक्चर कसा आहे ते. आणि मध्येच कधीतरी ती पिक्चर थांबवायला लावायची.

"आवो, ह्यो कोण? मघाचाच का?"

उत्तर मिळेपर्यंत पुढं जायचं नाही.

ती गेल्यानंतर काही महिन्यांनी कॉम्प्युटरमधून टकटक यायला लागली. फक्रुद्दीन एकटेच पिक्चर बघत होते. टक् झालं आणि चित्र जागच्या जागी थांबलं. हिरो तोंड उघडून तसाच. फक्रुद्दीन बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मघाचाच गं. दाढी काढलीया त्यानं."

आणि पिक्चर पुढं सरकला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. चाळीस वर्षं तापल्या लोखंडाचा रस ओतलेला माणूस, लोखंडावर हातोडी मारून आत पोकळी आहे का ते कानानं ओळखणारा. असल्या गोष्टींना तो हसायचा. पण संध्याकाळ झाली की पिक्चर लावायचा आणि मध्येमध्ये उत्तरं द्यायचा.

कशिशला त्या आवाजाचा वैताग होता. कॉलेज करून ती एका फोटोग्राफरची लग्नाचे अल्बम जुळवून द्यायची कामं करे. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की तिचा तोवर भात होऊन जायचा. त्यात कॉम्प्युटरवर सारखी सूचना येऊ लागली की जुन्या विंडोजकडं आता कंपनी बघणार नाही, नवी घ्या. तिनं नानांना, म्हणजे फक्रुद्दीनना, समजावून सांगितलं. डबा तोच ठेवू, आतली डिस्क बदलू, रॅम वाढवू, नवी विंडोज टाकू.

"चालतंय की," नाना म्हणाले.

"चालत न्हाय नाना, रांगतंय."

"रांगंना. पोचतंय न्हवं?"

तिला वाटलं नाना पैसा सोडत नाहीत. गल्लीतही त्यांच्याबद्दल तेच मत होतं.

दिवसा ते चालायला जात, ते उद्यमनगरच्या बाजूला. त्यांची फौंड्री होती तिथं आता गाड्यांची काचेची शोरूम होती. रस्ता रुंद झाला होता, मध्ये झाडांच्या कुंड्या आल्या होत्या. चांगलं झालं होतं, हे ते कबूल करत. तरी त्या काचेसमोर आले की त्यांच्या नाकात जळक्या वाळूचा वास शिरायचा. आधी घराच्या गच्चीवरून फौंड्रीचं धुराडं दिसायचं. त्यातून लाल उजेड आला की रस ओतायला घेतला, हे चाँदबीला कळायचं आणि ती भात टाकायची. तिकडं आता उंच इमारत होती. हुपरीची गाडी जिथं थांबायची तो थांबाही रुंदीकरणात गेला होता. त्या जागी फक्रुद्दीन एकदा नुसतेच उभे राहिले, तर मोटारसायकलवरच्या एकानं थांबून विचारलं, "पावणं, कुठं जायाचं?" ज्या भागात जन्म गेला तिथं ते पाव्हणे झाले होते. ते घरी आले आणि कॉम्प्युटर लावला. टक्, टक्. त्यांना बरं वाटलं.

कशिशनं त्यांना एकदा नव्या थिएटरात नेलं. भुताचा पिक्चर होता. भूत किंचाळत होतं, दारं आपटत होतं, भिंतीवर चढत होतं. पोरं ओरडत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, कसा वाटला.

"लई मेहनत घेतली भुतानं," नाना म्हणाले. "खऱ्याला येवढी लागत न्हाय."

ती हसली. ते हसले नाहीत.

मग त्यांच्या हातून ती गोष्ट झाली. कॉम्प्युटर हल्ली सुरू व्हायला कुरकुरत होता. दोनतीनदा बटण दाबावं लागे. फक्रुद्दीननी त्यावर फौंड्रीतला उपाय केला. काम चालू असताना भट्टी गार होऊ द्यायची नसते, गार झाली की रस आतच थिजतो. त्यांनी कॉम्प्युटर बंद करणंच सोडलं. कशिश कॉलेजला गेली की पडद्याचा दिवा तेवढा बंद करायचे, आतला डबा चालूच. दिवसरात्र टकटक. स्वयंपाकघरात ऐकू यायची, गच्चीच्या जिन्यावर ऐकू यायची. आवाज वाढत चालला होता आणि फक्रुद्दीनना त्यात समाधान होतं.

एका दुपारी टकटक एकदम घाईला आली. इतक्या घाईनं चाँदबीनं कधी काम केलं नव्हतं. त्यांनी पडदा लावून बघितला, तो निळा झाला. मग काळा.

कशिश आली, तिनं बघितलं आणि डब्यापुढं बसून पुन्हा पुन्हा बटण दाबू लागली. आत एका लग्नाचे सगळे फोटो होते. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातले पुसून टाकले होते. ते दुसरीकडं कुठंच नव्हते.

डबा रिक्षात घालून दोघं राजारामपुरीत यशराजच्या दुकानात गेली. यशराज कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली, क्षणभर ऐकलं आणि लगेच वायर उपसली.

"चाचा, ह्यो आवाज कवापासनं हाय?"

"लई दिस."

"आतलं वाचायचं मुंडकं आपटतंय ते. परत्येक टक्‌ला थोडी थोडी मरती डिस्क. ही चोवीस तास चालू ठिवली हुती का काय?"

फक्रुद्दीन उपसलेल्या वायरीकडं बघू लागले. कशिशनं त्यांच्याकडं बघितलं.

यशराजनं सांगितलं ते असं. डिस्क शेवटची एकदा चालवता येईल. तेवढ्यात फोटो निघतील तेवढे नव्या डिस्कवर ओढून घ्यायचे. त्यानंतर ही उठायची नाही.

"आणि फोटो काढलंच न्हाईत तर?" फक्रुद्दीननी विचारलं. "तशीच घरी नेली तर? वाजत ऱ्हाईल?"

"नाना?" कशिश म्हणाली.

"ऱ्हाईल की थोडे दिस," यशराज म्हणाला. "पर वाजवून करायचं काय?"

काउंटरवर ती डिस्क पडली होती. हाताच्या पंज्याएवढी, लोखंडी, जड. फक्रुद्दीननी सवयीनं तिच्यावर बोटाचं पेर वाजवलं. कशिशचे डोळे भरले होते. नानी गेली तेव्हाही ती अशीच उभी होती, दाराला धरून.

"काढ फोटो," ते म्हणाले.

यशराजनं वायर जोडली. फक्रुद्दीननी स्टूल ओढलं आणि टेबलाला कान लागेल इतकं जवळ बसले. टक्. थांबणं. टक्, टक्. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. संध्याकाळ झाली, यशराजनं चहा मागवला, त्यांचा तसाच गार झाला. त्यांचा उजवा अंगठा आणि पहिलं बोट मांडीवर एकमेकांना दाबत होती, सुटत होती, पुन्हा दाबत होती. कडी बंद करावी तशी.

कशिशनं ते बघितलं. नानीच्या शेजारी बसून तिनं ती हालचाल कितीदा बघितली होती. ती वाकून अगदी हळू म्हणाली, "नाना, नानी हाय व्हय ही?"

त्यांनी मान डोलावली.

"मोबाईलवर भरून घिऊ का आवाज?"

त्यांनी विचार केला. लगेच नाही म्हणाले नाहीत.

"नको," ते शेवटी म्हणाले. "ओतीव नग निघाला की आमी वाळूचा साचा मोडतो. ठिवत न्हाय."

पट्टी भरत आली तसा टकटकीत अंतर पडत गेलं. एक टक् झाली. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. ते पुढच्या टक्‌ची वाट बघत राहिले, ती आली नाही. यशराज म्हणाला, सगळे फोटो निघाले, चारदोन सोडून. कशिशनं तोंडावर ओढणी धरली.

दोन दिवसांनी कॉम्प्युटर घरी आला. बटण दाबलं की लगेच उजळायचा. कशिशची पानं फटाफट उघडायला लागली. पहाटे फक्रुद्दीननी तो एकदा सुरू केला, ऐकत बसले आणि बंद केला. घरात फक्त नळाचं पाणी टपकत होतं. तेही त्यांनी उठून बंद केलं.

संध्याकाळी त्यांनी पिक्चर लावला. तो कुठंही अडकला नाही. अर्ध्यावर एक दाढीवाला माणूस आला, तेव्हा त्यांनीच बोट लावून चित्र थांबवलं. कशिश आतून बघत होती. कुणीतरी काही विचारायला लागेल तेवढा वेळ ते थांबले. काही आलं नाही. तरी त्यांनी उत्तर दिलं आणि पिक्चर पुढं सोडला.

फौंड्रीला टाळं लागलं तेव्हा हातात पडलेला शेवटचा पगार त्यांनी बँकेत तसाच ठेवला होता. भट्टीच्या घरघराटात, हातोड्यांच्या दणदणाटात कमावलेला. त्यातून रॅम आली आणि नवी डिस्क आली. ती अजिबात आवाज करत नाही.