नाल्याच्या तोंडी अडकलेलं सुकाणू

सुकाणू म्हणजे होडीच्या मागं पाण्यात उभी लोंबणारी फळी. वरची दांडी हलवली की फळी वळते, फळीबरोबर होडी. एवढी साधी गोष्ट आमच्या तळ्यात चालत नव्हती, कारण तळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलं होतं. केंदाळ आपोआप माजत नाही. होड्यांच्या क्लबनं आपल्या कँटीनचा आणि संडासांचा नाला सरळ तळ्यात सोडला होता, त्यावर ते पोसलं होतं. हे मी पत्रकात छापलं आणि क्लबच्या गेटावर उभी राहून वाटलं. अध्यक्षांनी मला आत बोलावलं. "पत्रकं कशाला वाटतीस? पावसाळ्याआधी नाला वळवतो की."

तोवर क्लबची शिडाची होडी चालावी म्हणून मी, कॉलेजातली पोरगी, सुकाणूच्या मागं लागले. जुनी फळी कुजून चिरली होती. घरातल्या दाराच्या सागवानी फळीतून नवं पातं कापलं. उद्यमनगरातल्या कारखान्यातून दोन लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट आणले आणि पातं त्यात असं बसवलं की ते वर दुमडावं. पात्याला दोर बांधून तो दांडीवरून पुढं घेतला. केंदाळ अडकलं की दोर ओढायचा. पातं वर, केंदाळ मागं सटकलं. दर रविवारी बिजागऱ्यांतला गाळ खरवडायचा, ग्रीस भरायचं. त्या गाळाचा वास हाताला इतका चिकटायचा की मी भात चमच्यानं खायची. आई म्हणायची, "विलायतेहून आलीस का गं?"

होडी झकास वळायला लागली. आणि कमिटीनं नाल्याचं काम रद्द केलं!

"आता होडी जाते की केंदाळातनं," अध्यक्ष म्हणाले. "तूच तर सोय केलीस. शाबास पोरी!"

माझ्याच मेहनतीचा बोळा करून माझ्याच तोंडात कोंबला.

वार्षिक समारंभाला अध्यक्षांना फिरवून आणायचं काम माझ्याकडं आलं. मी आधी दोर सोडून ठेवला. परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत ते बसले. मी होडी थेट नाल्याच्या तोंडाशी नेली. पातं रुतलं, होडी ठप्प.

"अगं, दोर ओढ की!"

"काढून ठेवलाय."

"लई आगाऊ हाईस! का काढलास?"

"काका, तुमच्या नाल्यापाशी तुम्हाला निवांत बसता यावं म्हणून."

त्यांनी नाकाला रुमाल लावला. पण रुमालानं होडी हलत नाही. शेवटी कोपरापर्यंत हात घालून दोघांनी केंदाळ उपसलं, तेव्हा कुठं काठ गाठला. वाटलं, आता तरी यांना कळलं असेल. कळलं! त्याच संध्याकाळी बैठकीत ठरलं, होड्यांचा धक्का पलीकडच्या काठाला न्यायचा. नाला आहे तिथंच.

मी पाना घेतला, बोल्ट सोडवले, सुकाणू दांडीसकट सायकलला बांधलं आणि घरी आणलं. सकाळी क्लबचा शिपाई दारात हजर.

"ताई, सायेब म्हणत्यात ही चोरी हाय. होडी नुसती गरगर फिरतीया."

"फिरू दे. त्यांना सांगा, फळी माझ्या घरची, नाला त्यांच्या घरचा. मी माझं उचललं. आता त्यांनी त्यांचं उचलावं."