शिट्टी ऐकू येईना

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात माझी निवड झाली. आष्टीहून चुलते मुद्दाम नवीन जालन्याला आमच्या घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरीचं नाव पेपरात आलंय. आपल्या घरात आजवर कोणाचं आलं न्हाई." वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. प्राथमिक शाळेत मास्तर होते, फारसं बोलत नसत. त्यांनी ते पान घडी करून बुद्धाच्या मूर्तीमागे ठेवलं.

मी फार उंच होते. शाळेत उंची लपवायला पोक काढून चालायचे. क्रीडाशिक्षकांनी मुरमाच्या मैदानावर मला रिंगखाली उभं केलं, तेव्हापासून पोक गेलं.

निवड झाली त्याच हिवाळ्यात संध्याकाळी कणकण यायला लागली. सरावात धाप लागायची. मग एकदा थुंकीत रक्त दिसलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "क्षय आहे. औषध पूर्ण घे, बरी होशील. खेळ सध्या विसर."

घरात कोणी 'टीबी' म्हणत नव्हतं. माय शेजारणींना सांगायची, "छातीत पाणी झालंय." माझं ताट, पेला वेगळा झाला. कॉलेजच्या संघातल्या मुली यायच्या बंद झाल्या. फक्त कर्णधार यायची, राजूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती थेट माझ्या खाटेवर बसायची. "जरा लांब बस, बाई," माय म्हणायची. ती मान हलवायची आणि तिथंच बसून राहायची.

रोज कंपाउंडर घरी येऊन सुई द्यायचा. हळूहळू ताप उतरला, भूक लागू लागली. पण उठून उभं राहिलं की घर फिरायचं आणि कानांत सारखी किरकिर चालायची. मी अण्णांना सांगितलं. कंपाउंडर म्हणाला, "अशक्तपणा हाये, जाईल." अण्णांनी तेच धरून ठेवलं.

"थोडं सहन कर," ते म्हणाले. "मधीच औषध सोडलं तर बीमारी पलटती."

त्यांची धाकटी बहीण याच आजारानं गेली होती, औषधाविना. कंपाउंडरला यायला थोडा उशीर झाला तरी ते दारात जाऊन उभे राहायचे. त्यामुळे मीही पुन्हा बोलले नाही. शेवटी एकदा दवाखान्याच्या पायरीवरच तोल जाऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी चौकशी केली, या सुईनंच कान आणि तोल जातो म्हणाले आणि ती तिथल्या तिथं बंद केली. पुढं नुसत्या गोळ्या. चक्कर कमी होत गेली. कान मात्र परत आले नाहीत. जवळून बोललेलं कळायचं. बारीक, उंच आवाज गेले. चिमण्या ऐकू येईनात. शिट्टी ऐकू येईना.

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. पहिल्याच दिवशी रिंगखाली वळले आणि आपटले. कॉलेजच्या संघाला शिकवणाऱ्या सरांनी उठवलं.

"जगलीस, हेच लई झालं," ते म्हणाले. "आता नव्या पोरींना शिकव."

"शिकवीन सर. आधी खेळू द्या."

कर्णधार रोज सकाळी माझ्यासोबत यायची. वळताना नजर रिंगवरून हलवायची नाही, हे आम्ही पडत-उठत शोधून काढलं. शिट्टी झाली की तिनं हात वर करायचा, असं ठरलं.

औरंगाबादला कॉलेजांचे आपसांतले सामने होते; त्यांतूनच विद्यापीठाचा नवा संघ निवडणार होते. अण्णा पहिल्यांदाच बघायला आले. उपांत्य सामन्यात एकदा कर्णधार माझ्या मागे होती, तिचा हात मला दिसला नाही. सगळे थांबले आणि मी एकटीच चेंडू घेऊन धावले, बास्केटही केलं. लोक हसले. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. पंचांना वाटलं, मी मुद्दाम करतेय; त्यांनी आमच्यावर फाऊल दिला.

कर्णधार त्यांच्याकडे गेली. "सर, तिला शिट्टी ऐकू येत न्हाई."

ती हे सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलली. मला तिचा इतका राग आला की पुढचे दोन पास मी तिला दिलेच नाहीत. त्यानंतर पंच प्रत्येक शिट्टीला मला दिसेल असा हात उंचावत राहिले. तो सामना आम्ही जिंकलो, अंतिम सामना हरलो. विद्यापीठाच्या संघात माझं नाव आलं नाही.

परतताना स्टेशनवर अण्णा माझ्या अगदी जवळ बसले होते.

"तू सांगितलं तवाच मी सुई बंद करायला पाहिजे होती," ते म्हणाले.

"बंद केली असती तर मी वाचले नसते, अण्णा."

हे खरं होतं का, मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसावं. त्यांनी पिशवीतून मायनं दिलेल्या दशम्या काढल्या आणि आम्ही गाडी येईपर्यंत खात बसलो.

त्यानंतर आणखी एक वर्ष मी कॉलेजकडून खेळले. अण्णा प्रत्येक सामन्याला आले.