पोपटी, वाइन आणि गेटवरची फुंकर

आधी कपातला चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर दोष मला द्याल. आता जे सांगणार आहे तो माझाच मूर्खपणा आहे, आणि दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत आहे, राहायला रोह्यात. तेरा वर्षं ऑपरेटर म्हणून घासल्यावर गेल्या जानेवारीत माझं नाव शिफ्ट इनचार्जसाठी वर गेलं होतं. पत्र पुढच्या आठवड्यात मिळणार होतं. तोवर एकही लफडं नको, एवढं साहेबांनी बजावलं होतं. आमचे साहेब म्हणजे सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस.

त्यात गेटवर ते मशीन. आत जाताना फुंकर मारायची, प्यालेले असलात की आकडा दाखवतं. ते बसवा म्हणून अर्ज कुणी केला होता? मीच. महिन्यापूर्वी त्याच मशीनवर एका ऑपरेटरला पकडून, सगळ्या शिफ्टसमोर भाषण ठोकून घरी कुणी पाठवलं होतं? तेही मीच. इनचार्ज व्हायचं तर जरा दरारा नको का?

आता वाइन कुठून आली ते ऐका. दिवाळीनंतर मी आणि सुजाता, म्हणजे माझी बायको, नाशिकला फिरायला गेलो होतो. तिथे एका मळ्यात वाइन कशी प्यायची ते शिकवतात. ग्लास तिरका धरा, फिरवा, नाक खुपसा, घोट तोंडात घोळवा. पाऊण तासाचा तो क्लास, पण मी बाहेर आलो तो तज्ज्ञ होऊनच. लाल वाइनची एक बाटली घेतली आणि ठरवलं, ही प्यायची तर पोपटीबरोबर.

पोपटी माहीत आहे ना? थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. लोक रात्री लावतात. आमची दुपारची ठरली, कारण रविवारी मला सुट्टी होती.

शनिवारी शेंगा आणायला सासुरवाडीला गेलो. पेणच्या रामवाडीवरून थोडं आत गेलं की गाव लागतं. सासरे, म्हणजे आप्पा, भात आणि वाल करतात. मी बाटली मुद्दाम बरोबर नेली होती, आणि त्यांच्या देखत तिचं झाकण उघडलं.

"प्यायची उद्या नि उघडली आज?" आप्पांनी विचारलं.

"वाइनला श्वास घ्यायला लागतो, आप्पा. रात्रभर घेऊ दे."

"घेऊ दे बापडी," आप्पा म्हणाले. "पन फ्रीजमधे गुदमरनार नाय ना?"

मी हसलो, बाटली त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवली आणि उद्या येताना घेऊन या म्हणून सांगितलं. खेड्यातल्या माणसाला काय कळणार, असं मनात आलं. हे वाक्य लक्षात ठेवू नका, मला अजून लाज वाटते.

रविवारी रोह्यात, कुंडलिकेच्या काठी एका ओळखीच्या वाडीत आम्ही तिघं जमलो. मी, सुजाता आणि आप्पा. सासूबाई घरीच राहिल्या. मडकं उघडल्याबरोबर मी ग्लास भरला, तिरका धरला, फिरवला आणि नाक खुपसलं.

"जांभळाचा वास येतोय," मी डोळे मिटून म्हणालो. "आणि मागून चहापत्तीसारखा तुरटपणा. लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरल्याशिवाय हे येत नाही."

आप्पांना जोराचा खोकला आला. मी त्यांच्यासाठी ग्लास भरायला घेतला.

"नको, नको, जावयबापू. माझा उपास हाय," ते म्हणाले. त्यांच्या हातात तेव्हा कोंबडीची तंगडी होती.

म्हटलं, असेल म्हातारा लाजत. सुजाताला तर वासच आवडत नाही, तिने नाशिकलाही तोंड लावलं नव्हतं. म्हणजे सगळी माझीच. पहिल्या ग्लासाला कान गरम झाले. दुसऱ्याला नदी जरा डावीकडे सरकली. तिसऱ्याला मी आप्पांच्या गळ्यात पडलो आणि सांगितलं की तुमच्या मुलीला मी मनातून फार घाबरतो. सुजाता म्हणाली, "झालं, चढली ह्यांना."

"तसं नाय गो सुजे..." आप्पा काहीतरी बोलायला गेले, आणि नेमका माझा फोन वाजला. साहेबांचा.

"दुसऱ्या शिफ्टचा इनचार्ज आजारी पडलाय. तीनला त्यांच्या जागी तुम्ही या."

"येतो, सर." तेरा वर्षांची सवय हो, मेंदूच्या आधी तोंड बोलतं. फोन ठेवला आणि मग मेंदू जागा झाला. पावणेदोन वाजले होते. पोटात तीन ग्लास होते. गेटवर मशीन होतं.

परत फोन करून काय सांगू? सर, मी नदीकाठी पीत बसलोय? पत्र गेलंच म्हणायचं. सगळी नशा पायात उतरल्यासारखी झाली आणि मी तिथेच मटकन बसलो.

"जावयबापू, येक सांगायचं व्हतं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, नंतर. माझी नोकरी चाललीय इथे."

सुजाताने कच्चा कांदा दिला, तो खाल्ला. ओवा चावला. पेरूचा पाला चघळला, भांबुर्डीचाही चघळला. तो चघळायचा नसतो, हे चघळल्यावर कळलं. दोन लिटर पाणी प्यालो. आप्पा मागेमागे फिरत होते. "आवो, माझं जरा आयका तरी." मी हात जोडले. "तुमच्या पाया पडतो आप्पा, आत्ता एक शब्द नको." जावयाने पाया पडतो म्हटल्यावर सासरा काय बोलणार?

प्यालेल्या माणसाने गाडी चालवू नये, म्हणून स्कूटर सुजाताने घेतली. मी मागे बसून धाटावपर्यंत तोंड उघडं ठेवून वारा खात होतो. वाटेत आप्पांचे चार फोन आले, चारही कापले.

गेटवर पाहतो तर साहेब स्वतः उभे. सगळी दुसरी शिफ्ट रांगेत. वॉचमन एकेकाला फुंकायला लावत होता. माझ्यापुढे पाच जण होते, आणि मागे कोण येऊन उभं राहावं? महिन्यापूर्वी मी घरी पाठवलेला तोच ऑपरेटर.

"दादा, आज तोंड फार हिरवं दिसतंय," तो म्हणाला.

पाचाचे तीन झाले, तिनाचा एक झाला. पकडलं जाण्यापेक्षा आपणहून बोललेलं बरं, निदान इज्जतीचा एक तुकडा तरी वाचेल, असा विचार केला आणि रांग सोडून थेट साहेबांसमोर गेलो.

"सर, मी प्यालोय. तीन ग्लास. मला पत्र देऊ नका."

गेटवर असं सामसूम झालं की कंपनीचा बॉयलरही ऐकतोय असं वाटलं. साहेबांचा चेहरा दगडासारखा. "फुंका," ते म्हणाले.

फुंकलं. शून्य.

वॉचमनने मशीन झटकलं. परत फुंकलं, परत शून्य. आतून दुसरं मशीन आणलं, त्यावरही शून्य. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? नमस्कार करून आत गेला असता. पण मशीन माझं होतं, अर्ज माझा होता.

"दोन्ही बिघडलीत, सर," मी म्हणालो. "मी नक्की प्यालोय. हवं तर चालून दाखवतो." आणि दाखवलं. गेटपासून वजनकाट्यापर्यंत मी सरळ रेषेत चाललो असं मला वाटत होतं. लोकांना तसं वाटलं नाही.

"म्हंजे माझ्या टायमाला पन मशीनच बिघडलं व्हतं काय?" मागचा ऑपरेटर बोलला. चारसहा जणांनी त्याला व्हय, व्हय केलं. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. माझं पत्र सोडा, आता गेटवर संप व्हायची वेळ आली होती.

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली आणि आप्पा उतरले. धापा टाकत थेट साहेबांपुढे हात जोडून उभे राहिले.

"सायेब, माझा जावय प्यालेला नाय. चूक माझी हाय. आज पहाटे आमच्या शेताच्या राखणदाराला कोंबडा नि बाटली द्यायची व्हती. कोंबडा व्हता, बाटली आनायची इसारलो. पहाटे दुकान कुठलं उघडं? म्हनून फ्रीजमधली ह्यांची वतली देवाला. मग जावयाला कुठल्या तोंडानं सांगू? तवा आमच्या मंडळीनं जांभळाचं सरबत नि वर कोरा चा घालून बाटली भरली."

मी आप्पांकडे वळलो. "आप्पा, मग मला चढली कशी?"

"त्येच तर मी इचारनार व्हतो," आप्पा म्हणाले. "पन तुमी बोलू देत नव्हते."

सगळी शिफ्ट हसत होती. सुजाता तर स्कूटरवर डोकं टेकून हसत होती. साहेब मात्र गंभीर.

"हे बघा, दारू प्याला असता तर मेमो दिला असता," ते म्हणाले. "सरबत पिऊन झिंगणाऱ्या माणसासाठी नियमच नाही आपल्याकडे. जा, शिफ्ट सांभाळा. पत्राचं सोमवारी बघू."

जीव भांड्यात पडला. आत पाऊल टाकणार, तोच वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. माझ्याच नियमाप्रमाणे, तीनदा तपासणी झाली की शेरा लिहायचा आणि खाली शिफ्ट इनचार्जने सही करायची. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "दारू: शून्य. चढली: होय."

त्या शिफ्टचा इनचार्ज मीच होतो. केली सही.