आपल्याच घरची पाहुणी

माझी भाची लहानपणी दोन मिनिटं एका जागी बसायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. कॉलेजने तिला वर्षभरासाठी परदेशी पाठवलं. तिकडची एक मुलगी इकडे आणि ही तिकडे, अशी अदलाबदल. विमानतळावर तिची आई, म्हणजे माझी ताई, ढसाढसा रडली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मशीनवर बसली. ताई घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिने बसवलेली कॉलर सदरा विटला तरी मान टाकायची नाही.

थोड्याच महिन्यांत तिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. आम्ही हसलो. मग एकदा सुई बोटातून आरपार गेली आणि ताई मशीन का थांबलं म्हणून विचारत बसली. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, आता वाढतच जाणार.

"पोरीला कळवा," मी भावोजींना म्हटलं.

"कळवून काय होणार? शिक्षण अर्धवट टाकून येईल. तुला तुझ्या ताईची शपथ आहे, एक अक्षर बोलायचं नाही."

शपथेपुढे माझं काही चालेना, पण त्या माणसाचा राग आला तो अजून गेलेला नाही. भावोजी बसचे तिकीट तपासनीस. जन्मभर लोकांच्या चुका पकडल्या आणि स्वतःची एवढी मोठी चूक काही दिसेना. फोन आला की ताईला खेटून बसायचे आणि कानात सांगायचे, 'जेवलीस का विचार. थंडी आहे का विचार.' ताई शहाण्या मुलीसारखी विचारायची. भिंगरीला वाटायचं, आई रुसली असेल, म्हणून मोजकं बोलते.

तिकडे भिंगरी परक्या घरात राहायला शिकत होती. फ्रिज उघडण्याआधी विचारायचं, उठल्यावर अंथरुणाची घडी घालायची, आवाज चढवायचा नाही. त्या घरची बाई वृद्धाश्रमात कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी हिला बरोबर न्यायची. तिथले एक आजोबा हिला आपली बहीण समजायचे. 'मी नाही हो तुमची बहीण,' असं ही पहिल्यांदा म्हणाली, तर ते हमसून हमसून रडले. बाईने हिला बाजूला घेऊन दटावलं. यांचं बोलणं खोडायचं नाही, म्हणाली. ते मनाने जिथे असतील तिथे आपण जाऊन बसायचं. हे सगळं भिंगरीने मला नंतर सांगितलं.

ती परत आली तेव्हा दार ताईनेच उघडलं. भिंगरी बॅग टाकून गळ्यात पडायला गेली, तशी ताई मागे सरली.

"या ना. कोण हवंय आपल्याला?"

भावोजी आतून ओरडतच आले. "अगं, कोण काय? आपली पोरगी आहे ती! नीट बघ!"

ताईने भिंतीला पाठ लावली. "माझी मुलगी परदेशात आहे," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

भिंगरीने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला सगळं तिथेच कळलं. चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार, आणि घ्यायलाच हवं होतं तिने. पण तिने चपला काढून कडेला ठेवल्या.

"थोडं पाणी मिळेल का?" तिने आईला विचारलं.

ताई लगेच सैल झाली. पाहुण्याला पाणी द्यायचं तिला अजून कळत होतं.

वडिलांशी भिंगरी त्या दिवशी एवढंच बोलली, "बाबा, माझं वर्ष बुडालं असतं. आई तरी भेटली असती." भावोजी मान खाली घालून बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून ती आपल्याच घरात पाहुणी म्हणून राहते. आईला विचारून स्वयंपाकघरात जाते, सांगतील तिथे झोपते. ताईचाही तिच्यावर जीव जडला. पण परवा चहा घेताना ताई एकदम रडवेली झाली.

"काय झालं हो?" भिंगरीने विचारलं.

"माझ्या मुलीचा फोन यायचा. हल्ली येतच नाही. विसरली वाटतं मला."

भावोजींनी तोंड उघडलं. भिंगरीने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग ती उठून मला घेऊन खालच्या मजल्यावर माझ्या घरी आली, दार लावून घेतलं आणि आईला फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

"भिंगरी!" ताई एवढ्या जोरात ओरडली की फोनमधून मलाही ऐकू आलं. "जेवलीस का गं? थंडी आहे का तिकडे?"

भावोजींनी महिनोन्महिने कानात सांगितलेलं तेवढंच तिच्यात उरलं होतं.

"जेवले. थंडी आहे गं खूप," भिंगरी म्हणाली. आमच्याकडे पंखा चालू होता.

"कधी येतेस?"

"येते. लवकरच येते."

फोन ठेवून ती माझ्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते, तिने तो घेतला नाही. ओल्या तोंडानेच जिना चढून गेली. मी मागोमाग गेले. ताई दारातच उभी होती, चेहरा नुसता फुललेला.

"अहो, माझ्या मुलीचा फोन आला होता!"

"हो का?" भिंगरी म्हणाली. "काय म्हणत होती?"