सगळ्यांचे डबे

गेटवरच्या बाईकडून लोकांच्या दोनच अपेक्षा असतात: सलाम ठोकावा आणि बाजूला व्हावं. पहिलं मी खुशीनं केलं. दुसरं मला कधी जमलं नाही.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटी गार्ड होते. बाहेर पडणाऱ्या बायांची झडती माझ्याकडे. मूठभर बियाणं जेवणाच्या डब्यातून सहज बाहेर जातं, म्हणून प्रत्येक डबा बघायचा, असा नियम. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की डब्याला आपण हात लावायचा नाही, जिचा तिलाच उघडायला सांगायचं, आवाज चढवायचा नाही, आणि झाल्यावर धन्यवाद म्हणायचं. मला ते मनापासून पटलं होतं. बियाणं निवडणाऱ्या बाया माझ्याच वस्तीतल्या. ‘जयभीम’ म्हणत डबा पुढे करायच्या. कुणालाच कमीपणा वाटत नव्हता, कारण सगळ्यांचाच डबा उघडत होता.

मग मोठ्या साहेबांची मेव्हणी ऑफिसात कामाला लागली. पहिल्याच संध्याकाळी ती डबा न दाखवता निघाली. मी वाट अडवली, तसा आमच्या सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर धावत आला.

“काय करून राह्यल्या तुम्ही? जाऊ द्या त्यांना. घरच्याच हायेत.”

“मंग ह्या बाया कुठल्या हायेत, सर?”

“जास्त डोकं लावू नका. नोकरी करायची का न्हाई?”

नोकरी करायचीच होती. घरात कमावणारी मी एकटी. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तेवढ्यात रांगेतल्या थोरल्या बाईनं बाहेर काढलेला डबा परत पिशवीत ठेवला.

“आधी मॅडमचा,” ती म्हणाली. “मंग आमचा.”

मागच्या बायांनीही आपापले डबे आत ठेवले. रांग जागची हलेना. शेवटी मेव्हणीबाईंनी तोंड वाकडं करत झाकण उघडलं. आत अर्धी पोळी आणि लोणच्याचं तेल. मी रोजच्याच आवाजात धन्यवाद म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली, वाटूरच्या गोदामावर. कारण काय, तर म्हणे गैरवर्तन. रोजची एसटी, रोजचे धक्के. “आता तरी सुधरा,” सुपरवायझर फोनवर म्हणाला. मी रडले, पण रागानं. नोकरी मात्र सोडली नाही. मी गेले असते तर त्याच्या मनासारखं झालं असतं.

काही दिवसांनी तो तिथं तपासणीला आला. गोदाम बघितलं, मला दोन उपदेश केले आणि स्कूटीवर बसून गेटशी आला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची डिक्की बघायची, हा तिथला नियम. मी गेटचा दांडा वर केला नाही.

“डिक्की, सर.”

त्यानं हॉर्न वाजवला. मी उभीच.

मग तो स्कूटीवरून खाली उतरला आणि सीटखालची डिक्की उघडली.