दहा सेकंद

पडद्यावर ओळ उमटली: ‘दहा सेकंद थांबा, मशीन दम खातंय.’

घरचे फोटो घरच्याच कॉम्प्युटरवर ठेवता यावेत म्हणून अरविंदकाकांनी ही स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली आणि सगळ्यांना फुकट दिली. दृष्टी अधू झाली तेव्हा ‘आता तुम्हीच सांभाळा,’ म्हणत ते बाजूला झाले. ती वापरणाऱ्या आम्ही सात जणांनी ती सांभाळली. सांभाळता सांभाळता त्यांची एकेक ओळ बदलत गेलो. उरली ती एवढीच, त्यांच्या थकलेल्या मशीनसाठी घातलेली. आमच्या नव्या मशीनना दम लागतच नाही.

‘काढू का?’ मी ग्रुपवर विचारलं.

‘तेवढी राहू दे रे,’ आमच्यातल्या नंदिनीनं लिहिलं.

त्यांची सगळी हुशारी आम्ही पुसली होती आणि अडचण तेवढी जपत होतो.

मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. दहा सेकंद हात मांडीवर ठेवून बसलो. मग काम पुढे सुरू झालं. ओळ ठेवायची की काढायची, हे काकांना आम्ही विचारलंच नव्हतं.